मैत्रिणीला खरं सांगायचं कधी आणि गप्प राहायचं कधी?

प्रिय ताई,

मी 15 वर्षांची आहे. माझी एक जिवलग मैत्रीण आहे, तिला आपण 'स' म्हणू. आम्ही लहानपणापासून एकत्र आहोत. काही महिन्यांपूर्वी स एका मुलाला भेटायला गेली आणि घरी सांगितलं की माझ्याकडे अभ्यासाला येतेय. संध्याकाळी मला काकूंचा, म्हणजे तिच्या आईचा, फोन आला. मी म्हणाले, "हो काकू, इथेच आहे, बाथरूममध्ये गेलीय." त्यानंतर असं आणखी चार-पाच वेळा झालं. आता मला खोटं बोलताना काहीच वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचीच भीती वाटते. काकू माझ्याशी फार प्रेमाने वागतात. त्या समोर आल्या की मी मोबाइलमध्ये डोकं घालते.

दुसरं म्हणजे, शाळेच्या कार्यक्रमात स गाणार होती. आदल्या आठवड्यात तिने मला गाणं म्हणून दाखवलं. ती सुरात नव्हती. मी म्हणाले, "मस्त झालंय!" कार्यक्रमात मुलं हसली आणि कोणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. स खूप रडली. म्हणाली, "बाकीच्यांचं सोड, तू तरी सांगायचं होतंस."

मग मी ठरवलं की आता कायम खरंच बोलायचं. आमच्यातली दुसरी एक मुलगी, 'न', मला म्हणाली, "हल्ली तुम्ही मला न सांगता भेटता का?" मी खरं ते सांगून टाकलं, की तू सारखी स्वतःबद्दलच बोलत असतेस म्हणून कोणालाच तू नको असतेस. तिने माझ्याशी बोलणं बंद केलंय. बाकीच्या म्हणतात, मी दुष्ट आहे, हे बोलायची काय गरज होती. पण तेच सगळ्या तिच्या पाठीमागे बोलतात!

खोटं बोलले तरी चुकते, खरं बोलले तरी चुकते. स आता परत म्हणतेय की शनिवारी काकूंना सांभाळून घे. नाही म्हटलं तर ती माझ्याशी मैत्री तोडेल. मी काय करू? मी खोटारडी आहे का?

तुझी,
गोंधळलेली

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तू एका ओळीत उरकलास तरी सगळं पत्र त्याच्याच ओझ्याखाली वाकलेलं आहे. तू खोटं बोललीस, पुन्हा पुन्हा बोललीस, आणि ज्या बाईचा तुझ्यावर विश्वास आहे तिच्याशी बोललीस. हे मी गोड करून सांगणार नाही. पण खोटारड्या माणसाला खोटं पचतं. तुला ते पचलेलं नाही. काहीच वाटत नाही असं तू म्हणतेस खरी, पण मग काकू समोर आल्यावर मोबाइलमध्ये डोकं का घालतेस? काहीच वाटत नसतं तर त्यांच्याशी नजर मिळवून गप्पा मारल्या असत्यास.

शिवाय या बाबतीत तू काही जगावेगळी नाहीस. 1996 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बेला डिपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या 77 विद्यार्थ्यांना आणि बाहेरच्या 70 माणसांना आठवडाभर नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या: आज कोणाकोणाशी बोललो आणि त्यात कुठे खोटं बोललो. विद्यार्थ्यांच्या नोंदींत दिवसाला साधारण दोन खोटी निघाली, बाकीच्यांच्या नोंदींत एक. ही सगळी चारचौघांसारखीच माणसं होती. त्याच नोंदींतून निघालेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ज्यांच्याशी जवळीक जास्त, त्यांच्याशी माणसं तुलनेने कमी खोटं बोलत होती, आणि बोललीच तर त्यांना जास्त अस्वस्थ वाटत होतं. तुझी अस्वस्थता तिथली आहे. काकू तुला परक्या असत्या तर हे पत्र तू लिहिलंच नसतंस.

आता तुझ्या तिन्ही प्रसंगांकडे येऊ. तू तिन्हींना एकच प्रश्न विचारतेयस: मी खरं बोलले की खोटं? त्याने तुला उत्तर मिळत नाहीये, कारण एकदा खोटं बोलून चुकलं, एकदा खरं बोलून चुकलं. मी तुला वेगळा प्रश्न सुचवते. मी जे बोलले त्यामुळे समोरच्या माणसाला स्वतःचं काय ठरवता आलं नाही? कोणी आपल्याशी खोटं बोललं की राग का येतो, आठवून बघ. जे आपण ठरवायचं होतं ते दुसऱ्यानेच परस्पर ठरवून टाकलं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, हे जास्त लागतं. तुझ्या पत्रात हे कुठे कुठे झालंय ते बघूया.

गाण्याचं आधी घेते. स ने तुला आदल्या आठवड्यात गाऊन दाखवलं. म्हणजे तिच्या हातात काही दिवस होते. त्या दिवसांत ती रियाज करू शकली असती, गाणं बदलू शकली असती, पट्टी खाली घेऊ शकली असती, कोणाला तरी सोबत घेऊन दोघींनी गायचं ठरवू शकली असती, किंवा सगळं ऐकून घेऊनही "मी असंच गाणार" म्हणाली असती. तो तिचा हक्कच होता. "मस्त झालंय" या दोन शब्दांनी हे सगळे रस्ते बंद झाले. तू दुष्टपणाने केलं नाहीस, भिडेखातर केलंस. तिचा उत्साह मोडायला तुझा जीव धजला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशाच वेळी पटतं. त्या पाच मिनिटांचा अवघडपणा तू टाळलास आणि तो तिला सगळ्या शाळेसमोर सोसावा लागला.

तर काय म्हणायला हवं होतं? "तू बेसूर गातेस" असं मुळीच नाही. ते तिच्यावर ठोकलेलं मत झालं, त्याचं ती काय करणार? सुधारता येईल असं काही सांगायचं. "अंतऱ्यात सूर वर जातो तिथे तुझा आवाज सुटतोय असं मला वाटतंय. थोडं खालच्या पट्टीत घेऊन बघतेस? फोनवर रेकॉर्ड करू आणि दोघी मिळून ऐकू." यात तू खोटं बोलली नसतीस आणि तिला एकटीही सोडली नसतीस. रेकॉर्डिंग ऐकल्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला काही बोलावंच लागत नाही.

इथे एक बारीक गोष्ट सांगते. हाच प्रश्न तिने स्टेजवर जायच्या दोन मिनिटं आधी विचारला असता, तर माझं उत्तर वेगळं असतं. तेव्हा तिला बदलता येण्याजोगं काही उरलेलं नसतं. तेव्हा माणूस मत मागत नसतो, धीर मागत असतो, आणि तो खरेपणाने देता येतो: "मी पहिल्या रांगेत बसलेय, माझ्याकडे बघून गा." म्हणून "कसं झालंय?" असं कोणी विचारलं की आधी स्वतःशी पाहावं, याला अजून काही बदलायला वेळ आहे का. कळत नसेल तर सरळ विचारावं, "तुला अजून नीट करायचंय म्हणून विचारतेस, की नुसता धीर हवाय?" मैत्रिणींना हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नसते, पण आपल्याला तो सुचतच नाही.

आणि व्हिडिओ काढून टाकणारा जो कोणी होता, त्याचं पाप तू स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. तो अजून ग्रुपवर असेल तर आजच "काढून टाक" असं तिथे सर्वांसमोर लिही, आणि नाही काढला तर शिक्षकांना सांग. ती चहाडी होत नाही.

आता 'न'. तुझ्या पत्रातला हा भाग मला सर्वात अवघड वाटला, आणि यावर मी जरा थांबणार आहे.

गाण्याच्या प्रसंगानंतर तू एक नियम केलास: यापुढे कायम खरं. या नियमावर तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी थोर माणसांनी डोकं चालवलंय आणि त्यांचंही जमलेलं नाही. इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने 1797 साली लिहिलं की खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल तरी खोटं बोलू नये. आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला याच्या बरोबर उलट गोष्ट सांगतो. कौशिक नावाच्या तपस्व्याचं व्रत होतं, कायम सत्यच बोलायचं. लुटारूंना घाबरून काही माणसं त्याच्या डोळ्यांदेखत रानात लपली. लुटारूंनी विचारलं, कौशिकाने खरं ते सांगून टाकलं, आणि ती माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत आपण व्रत पाळतोय एवढंच दिसत होतं. कोणासमोर बोलतोय, कशासाठी बोलतोय, ऐकणारा त्या सत्याचं काय करणार आहे, हे त्याने पाहिलंच नाही. म्हणून तू 15 व्या वर्षी यात गोंधळलीस तर तुझ्या अकलेत काही कमी आहे असं अजिबात समजू नकोस.

'न' ने तुला काय विचारलं ते पुन्हा वाच. तिने विचारलं, "तुम्ही मला न सांगता भेटता का?" याचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं: हो. ते ऐकून तिला वाईट वाटलंच असतं, पण निदान शंका फिटली असती आणि पुढे काय विचारायचं ते तिने ठरवलं असतं. कदाचित "का?" असं विचारलं असतं. कदाचित नसतं विचारलं, घरी जाऊन विचार केला असता. तू तिला तेवढी संधीच दिली नाहीस. तिने विचारलाच नव्हता त्या प्रश्नाचं उत्तर दिलंस, तेही सगळ्यांच्या नावाने.

"कोणालाच तू नको असतेस." हे खरं होतं का गं? तू प्रत्येकीला विचारलं होतंस? पाठीमागे कुरकुर करणाऱ्या मुली तिच्यासोबत हसतात, तिच्या वह्या घेतात, तिला वाढदिवसाला बोलावतात. त्यांतली एखादी तरी अशी असेल जिला ती थोडी नकोशी आणि बरीच हवीशी वाटते. माणसांचं एकमेकांबद्दल असंच काहीतरी मिसळलेलं असतं. त्यामुळे तू खरं बोललीस हे मला पूर्ण मान्य नाही. तुला जे वाटत होतं ते तू चार जणींच्या सहीने पाठवलंस. एकटीच्या नावाने ते बोलायला जास्त धैर्य लागलं असतं, आणि 'न' च्या मनाला ते कमी लागलं असतं.

आणखी एक मला दिसतं, चुकत असेन तर सोडून दे. गाण्याच्या प्रकरणाने तुझं मन तुला खात होतं. आपण स ला फसवलं, याचं प्रायश्चित्त कुठेतरी घ्यायचं होतं, आणि नेमकी त्याच वेळी 'न' समोर आली. तुला हलकं वाटावं म्हणून ते सत्य बोललं गेलं. तिला त्याचा उपयोग व्हावा हा विचार त्यात नव्हता. खरं बोलणाऱ्या बऱ्याच मोठ्या माणसांचंही असंच होतं. "मी बाई तोंडावर बोलते" असं अभिमानाने सांगणाऱ्या माणसांचं ऐकून घेताना बघ, बोलून झाल्यावर हलकं कोणाला वाटतं. नेहमी बोलणाऱ्यालाच.

तुझ्या मैत्रिणी तुला दुष्ट म्हणतात, त्यात मात्र मी तुझ्या बाजूने आहे. ज्या गोष्टी त्या रोज न च्या माघारी चघळतात, त्याच तू तिच्यासमोर बोललीस म्हणून तू वाईट आणि त्या चांगल्या, हा हिशोब मला पटत नाही. माघारी बोलण्याने तर तिच्याकडून सगळंच काढून घेतलं जातं: तिला कळत नाही, म्हणून ती बदलू शकत नाही, भांडू शकत नाही, आणि या मुलींची संगत सोडायची की नाही हेसुद्धा ठरवू शकत नाही. तू तिला दुखावलंस, पण तिच्याशी बोलत होतीस. यापुढे तिच्या गैरहजेरीत तो विषय निघाला की तू त्यात भर घालू नकोस. भाषण ठोकायची गरज नाही. "हे तिच्यासमोर बोलू या ना" एवढं एकदा म्हटलंस तरी पुष्कळ आहे.

माफी कशी मागायची? "मी उगाच बोलले, तू खूप छान आहेस, आम्हाला सगळ्यांना आवडतेस" असं मात्र लिहू नकोस. ते दुसरं खोटं होईल आणि ती ते लगेच ओळखेल. मेसेजवर नको, ग्रुपवर तर नकोच. ती एकटी असताना गाठ आणि तुझ्या शब्दांत साधारण असं सांग: "तू विचारलंस त्याचं उत्तर 'हो, दोन-तीनदा भेटलो' एवढंच होतं. बाकीचं मी सगळ्यांच्या नावावर खपवलं, तो हक्क मला नव्हता. मला स्वतःला काय वाटतं ते सांगते. मी माझं काही सांगायला लागले की कधीकधी विषय तुझ्याकडे वळतो आणि माझं राहून जातं. तेवढंच मला लागतं. पण ते मी फार वाईट पद्धतीने बोलले, त्याबद्दल सॉरी." मग थांब. तिने लगेच माफ करावं ही अपेक्षा ठेवू नकोस. ती रडेल, निघून जाईल, काहीच बोलणार नाही, सगळं शक्य आहे. माफी मागून झाल्यावर पुढचं तिच्या हातात असतं.

राहिला शनिवार. वेळेच्या हिशोबाने हेच आधी यायला हवं होतं, पण वरचं बोलून झाल्यावर हे सोपं जाईल असं वाटलं.

त्या पहिल्या फोनचा विचार कर. "इथेच आहे, बाथरूममध्ये गेलीय." समजा, त्याच वेळी स च्या बाबतीत काही बरंवाईट झालं असतं. अपघात झाला असता, त्या मुलाशी भांडण होऊन ती कुठेतरी अडकली असती, फोनची बॅटरी संपली असती. जगात एकाच माणसाला ठाऊक होतं की ती घरी सांगितल्या ठिकाणी नाही, आणि त्याच माणसाने तिच्या आईला निर्धास्त केलं होतं. काकू तिला शोधायला निघाल्या असत्या ते तासाभराने, तेही तुझ्या घराच्या दिशेने. काकूंना काळजी करायची की नाही, बाहेर पडायचं की नाही, हे तू परस्पर ठरवून टाकलंस. गाण्याच्या खोट्यात हसं होण्याचा धोका होता, इथे धोका जिवाचा आहे. म्हणून या दोन्ही गोष्टी मी एका मापात मोजणार नाही, आणि तूही मोजू नकोस.

"आता खोटं बोलताना काहीच वाटत नाही" असं तू लिहिलंस. त्यालाही कारण आहे. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. बरणीतली नाणी किती आहेत याचा अंदाज जोडीदाराला सांगायचा, आणि काही फेऱ्यांत खोटा अंदाज सांगितला तर स्वतःचा फायदा व्हायचा. माणसं सुरुवातीला थोडंसं खोटं सांगायची, मग जरा जास्त, मग आणखी जास्त. भावनांशी जोडलेला मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग खोटं बोलताना आधी जेवढा जागा होत होता, तेवढा नंतर नंतर होईना. पहिल्या फोनच्या वेळी तुझे हात थरथरले असतील, पाचव्या वेळी तू सहज बोलून गेलीस, यात तू वाईट झालीस असा अर्थ काढू नकोस. ही सवयीची वाट आहे आणि तू अजून तिच्या सुरुवातीलाच आहेस.

म्हणून शनिवारसाठी नाही म्हण. पण आयत्या वेळी नको. आयत्या वेळी नाही म्हटलंस तर ती तुझ्या भरवशावर घरी थाप मारून बाहेर पडलेली असेल, आणि मग तो दगाच होईल. उद्याच सांग, दोघीच असताना. "मी काकूंना स्वतःहून काही सांगायला जाणार नाही. पण त्यांचा मला फोन आला तर तू माझ्याकडे आहेस असं मी म्हणणार नाही. म्हणेन, काकू, ती इथे नाहीये, तुम्ही तिलाच फोन करा. तुला आधीच सांगतेय, म्हणजे काय करायचं ते तुला ठरवता येईल." हे ऐकून तिला राग येईल. पण शनिवारी जायचं, न जायचं, घरी खरं सांगायचं की भेट पुढे ढकलायची, हे ठरवायला तिच्याकडे वेळ असेल.

ती कदाचित मधला रस्ता काढेल. "खोटं नको बोलूस, फक्त 'ती आत्ता फोनवर येऊ शकत नाही' असं म्हण. ते तर खरंच आहे ना?" याला फसू नकोस. 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजाचा शब्दही तसा खरा होता. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होताच. पण द्रोणाचार्यांनी मुलगा गेला असं समजावं म्हणूनच ते वाक्य उच्चारलं गेलं, आणि त्या दिवशी धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला अशी कथा आहे. समोरच्याने चुकीचं समजावं यासाठी बोललेलं वाक्य, शब्द कितीही खरे असले तरी, फसवणूकच असते. फोन न उचलणं हाही तोच प्रकार, जर ते आधी ठरवून केलं असेल तर.

याचा अर्थ स ची प्रत्येक गोष्ट काकूंना कळायलाच हवी असं मी मुळीच म्हणत नाही. तिला कोण आवडतो, रात्री तुम्ही काय बोलता, तिने डायरीत काय लिहिलंय, हे तिचं आहे. काकूंनी तुला विचारलं तर "ते मी नाही सांगू शकत, तुम्ही तिला विचारा" असं म्हणायला तुला पूर्ण मुभा आहे. गप्प राहणं आणि फसवणं यांत मोठं अंतर आहे. किशोरवयातली मुलं आणि त्यांचे आई-वडील यांच्यावर जुडिथ स्मेताना या मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांना असं दिसलं की मुलं आई-वडिलांचा अधिकार सरसकट नाकारत नाहीत. सुरक्षिततेच्या आणि चांगल्या-वाईटाच्या बाबतीत तो मुलांनाही बराचसा मान्य असतो. भांडण होतं ते "हे माझं खासगी आहे" असं मुलं म्हणतात त्या गोष्टींवरून. तुमच्या बाबतीत रेघ इथेच मारता येईल. स कोणावर प्रेम करते हे खासगी. ती संध्याकाळी कुठे आहे आणि कोणासोबत आहे, हे घरातल्या निदान एका मोठ्या माणसाला माहीत असणं ही सुरक्षिततेची गोष्ट. आईला सांगणं जमत नसेल तर मोठी बहीण, मावशी, आत्या, कोणीतरी. ती म्हणत असेल तर तू तिच्यासोबत बस, पण बोलू दे तिला.

एका गोष्टीत मात्र मी तुला गुपित पाळायला सांगणार नाही. तो मुलगा तुमच्यापेक्षा वयाने बराच मोठा असेल, तो तिच्याकडे तसले फोटो मागत असेल, धमकावत असेल, "घरी कळलं तर बघ" म्हणत असेल, किंवा भेटून आल्यावर स गप्प-गप्प राहत असेल, घाबरलेली दिसत असेल, तर वाट बघू नकोस. तिला सांग की मी हे मोठ्यांना सांगणार आहे, आणि त्याच दिवशी सांग. तुझ्या आईला, तिच्या आईला किंवा शाळेतल्या ज्या शिक्षिकेवर तुझा भरवसा आहे त्यांना. ती तुझ्यावर वर्षभर रागावली तरी चालेल.

मागच्या चार-पाच खोट्यांचं काय? यावर माझं मत असं आहे: आत्ताच काकूंकडे जाऊन सगळं सांगून टाकू नकोस. मनावरचा भार उतरवायचा म्हणून घाईने सांगून टाकलंस तर न च्या वेळी जे झालं तेच पुन्हा होईल, फक्त या वेळी किंमत स मोजेल. ती गोष्ट स ची आहे. तिला सांगायला वेळ दे आणि मधून मधून आठवण करून दे. पण काकूंनी कधी समोर बसवून विचारलं, "तेव्हा ती खरंच तुझ्याकडे होती का?", तर तेव्हा मात्र खोटं बोलायचं नाही. "नव्हती काकू, मी खोटं बोलले, मला माफ करा." रागावतील, कदाचित काही दिवस तुला घरी येऊ देणार नाहीत. त्यांनी रागवायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं.

नाही म्हटलं तर स मैत्री तोडेल, ही तुझी खरी भीती. मी तुला तसं होणार नाही असं वचन देऊ शकत नाही. पण या भीतीबद्दल एक गोष्ट माहीत आहे ती सांगते. 2018 साली एमा लेव्हिन आणि ताया कोहेन या दोघी संशोधकांनी काही लोकांना तीन दिवस प्रत्येकाशी अगदी प्रामाणिकपणे बोलायला सांगितलं, आणि दुसऱ्या काहींना फक्त विचारलं की असं वागलात तर कसं जाईल. कल्पना करणाऱ्यांना वाटलं, फार अवघड जाईल, नाती बिघडतील. प्रत्यक्ष तसं वागलेल्यांचा अनुभव त्या कल्पनेपेक्षा बराच सुखाचा निघाला, आणि माणसं दुरावण्याऐवजी जवळ आल्यासारखं त्यांना वाटलं. सगळ्यांचं सगळ्या वेळी असंच होईल असं नाही. पण मनातल्या मनात आपण समोरच्याला जेवढं रागावलेलं रंगवतो, तेवढं ते क्वचितच रागावतं.

आणि स ने स्वतःच तुला काय म्हटलं ते तू लिहिलं आहेस: "तू तरी सांगायचं होतंस." तिला तुझ्याकडून काय हवं होतं ते तिने रडता रडता सांगितलंय. तेच तिला शनिवारबद्दल नको असेल, कारण गाण्याच्या वेळी खरं ऐकून तिचा फायदा होता आणि इथे तोटा आहे. तुमच्यात हे बोलायला हवं. तिला विचार, "मी फक्त तुझ्याशी खरं बोलायचं आणि तुझ्यासाठी बाकीच्यांशी खोटं, असं तुला हवंय का?" ती चिडून निघून गेली तर मागे धावू नकोस, दुसऱ्या मैत्रिणींना सांगून तिच्यावर दबाव आणू नकोस, आणि आठ-दहा दिवस जाऊ देत. मग एकदा तिच्या घरी जा. काकू दार उघडतील, त्यांच्याकडे बघून नमस्कार कर, आणि स ला विचार, चालायला येतेस का.

तुझी,
ताई